लाल झालं तर जायचं

दुपारी दीडच्या सुमाराला आमच्या फर्स्ट एड रूमच्या खिडकीतून ऊन आत येतं. खिडकीच्या कट्ट्यावर दोन बाटल्या असतात. ऊन त्यांच्यातून झिरपून टेबलावर उतरतं आणि पांढऱ्या रेक्झिनवर दोन डाग हलत राहतात, एक तपकिरी आणि एक फिकट गुलाबी. औषधं उन्हात ठेवायची नसतात हे मला चांगलं माहीत आहे. दहा मिनिटं ते डाग बघायचे आणि मग बाटल्या उचलून कपाटात ठेवायच्या, असा माझा नेम आहे. जेवण झालेलं असतं. भिंतीपलीकडे प्रेस शॉपमधली मोठी मशिनं पत्र्यावर पडत असतात, आणि तो धप्प आवाज कानाच्या आधी खुर्चीतून पाठीला कळतो. त्या ठेक्यावर डोळे जड होतात. मी झोपत नाही, पण धड जागीही नसते.

चाकणच्या या कारखान्यात मी नर्स आहे. माझं नाव इथे कुणाच्या तोंडी नाही, सगळे सिस्टर म्हणतात. तपकिरी बाटलीत पोव्हिडोन आयोडीन असतं आणि गुलाबी बाटलीत क्लोरहेक्सिडीन. दोन्ही जंतू मारणारी, जखम झाली की आसपासची कातडी साफ करायला वापरायची. कामगारांच्या लेखी मात्र औषध एकच, चॉकलेटी. दुसऱ्याला ते पाणी म्हणतात.

त्यांचं तसं म्हणणं उगाच नाही. आमच्याकडे हाताला पत्रा लागला की माझ्याकडे यायचं, पट्टी करून लाइनवर परत जायचं. सुपरवायझर लांबूनच हात बघतो. तपकिरी रंग दिसला की तो त्या माणसाला दोन तास जड काम देत नाही, पॅकिंगला बसवतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण सगळ्या शिफ्टमध्ये चालतं. गुलाबी औषध कातडीवर वाळलं की काहीच दिसत नाही. मग सुपरवायझर विचारतो, लागलंय कुठं? म्हणून माणसं दारातूनच सांगत येतात की सिस्टर, चॉकलेटी लावा आणि जरा मोठं लावा. सुरुवातीला मी भांडायची. औषध म्हणजे काय गेटपास आहे का, असं एकाला सुनावलंही होतं. पण रोज कुणाकुणाशी वाद घालणार? पुढे माझाही हात सैल सुटला. नखाएवढी जखम असली तरी तळहाताएवढा रंग लावायची सवय लागली. माणसं खूश, सुपरवायझर खूश, आणि मीही आपली पेंगायला मोकळी.

हे सगळं सांगायचं कारण आबांचा पाय.

आबा म्हणजे माझे सासरे. चाकणपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. जमीन बरीचशी कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यात आबा कांदा लावतात. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या तुकड्यात जातो. साखरेचा आजार जुना. गोळ्या नियमित घेतात, आणि गोळ्या घेतल्यात म्हणून चहात साखरही नियमित घेतात.

आमच्या भागात एक पद्धत आहे. कंपनीतून घरच्या कमावत्या माणसाला नवे सेफ्टी शूज मिळाले की जुने टाकायचे नाहीत, म्हाताऱ्याला शेतात घालायला द्यायचे. गावातल्या कुठल्याही बांधावर जा, लेंग्याखाली ते काळे, पुढून लोखंडी टोपीचे बूट दिसतील. काट्याकुट्याला बरे, विंचवा-सापाला बरे, आणि पोरगा कंपनीत आहे हेही चालता चालता कळतं. माझ्या नवऱ्याचे जुने बूट आबा असेच घालत होते. एका संध्याकाळी मोजा ओला झाला म्हणून ते पायरीवर बसून कुरकुर करत होते. कांद्याला पाणी देताना बुटात पाणी गेलं असेल, असा त्यांचा समज होता. मी बूट हातात घेऊन उलटा केला तर फरशीवर टण् करून एक नट पडला. सहा कोनांचा, बोराच्या बीएवढा, नवऱ्याच्या कंपनीतलाच. मोज्यातलं पाणी म्हणजे रक्त होतं. उजव्या पायाच्या करंगळीखाली, तळव्याच्या कडेला भोक पडलं होतं. सकाळपासून तो नट पायाखाली घेऊन आबा सगळा वाफा फिरले होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी नर्स असल्यामुळे त्यांना दवाखान्यात न्यायला सोपं जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. त्यांचा चुलत भाऊ असाच बोटाला लागलं म्हणून दवाखान्यात गेला होता आणि गुडघ्याखाली पाय नसलेला परत आला. ते आबांनी बघितलं होतं. त्यामुळे साखरेच्या माणसाच्या पायाचं नाव काढलं की त्यांना एकच गोष्ट आठवायची. तू हायेस की घरात, म्हणाले, मग कशाला जायचं? तासभर हुज्जत झाली. शेवटी आमच्यात करार झाला. पट्टी मी रोज सकाळी घरी करायची. जखमेच्या भोवती कातडी लाल दिसली, तर मात्र एक अक्षर न बोलता दवाखाना.

“लाल झालं तर जायचं,” आबा म्हणाले. “शब्द हाय माझा.”

पहिले दोन दिवस मी शिकवल्याप्रमाणे केलं. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली, कोरडी केली, स्वच्छ पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी आबांनी तोंड वाकडं केलं. असल्या पाण्यानं काय हुणार, तुमच्या कंपनीत ते चॉकलेटी असतं ना, ते लाव की, म्हणाले. ते म्हणाले आणि मी लावलं. मेडिकलमधून बाटली आणली आणि कापसाचा बोळा भिजवला. मग माझा हात त्याच्या सवयीने फिरला, करंगळीपासून पायाच्या पाठीपर्यंत.

त्या सकाळी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात, आणि खरं सांगायचं तर त्या सुंदर होत्या. सहा वाजलेले असायचे. ओटीवर गारवा, समोर कांद्याची हिरवी पात, तिच्या टोकाला एका कंपनीची निळी पत्र्याची भिंत आणि भिंतीच्या वर धुकं. आबा खाटेवर बसलेले, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. आयोडीनचा तो ओळखीचा वास. फाट्यावर कंपनीची बस यायला अर्धा तास असायचा आणि त्या अर्ध्या तासात कुणालाच घाई नसायची. माझे वडील लवकर गेले. कुणाचा पाय असा मांडीवर घ्यायची माया मला बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. मी कालच्या रंगावर आजचा रंग लावायची, दोघंही वाकून बघायचो. लाल नाही ना, असं मी विचारायची, आणि आबा म्हणायचे, न्हाई. मग ते पाय लांब करून शेजाऱ्यांना दाखवायचे की सुनंनं केलंय, बघा. आठ-दहा दिवस असे गेले. आबा एवढंसंही कण्हत नव्हते. मला वाटलं, बरं होतंय.

त्याच सुमाराला आमच्या खरेदी खात्यातल्या साहेबांना साक्षात्कार झाला. एकाच कामाला दोन औषधं कशाला? एकच ठेवा. कोणतं ते सिस्टरने अर्ध्या पानात लिहून द्यावं. मी भडकलेच. हातोडा आणि पाना दोन्ही लोखंडाचे आहेत म्हणून एकच ठेवता का, असं त्यांना विचारणार होते. पण आमच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, त्यांनी मला शांत केलं. चिडू नका, नीट लिहा, म्हणाल्या, एकदा लिहून झालं की सगळ्यांना उपयोग होईल. त्यांनी पुस्तकं दिली, शंका विचारल्या तेव्हा समजावून सांगितलं. मी दोन दिवस वाचत होते. नर्सिंगचं शिक्षण संपल्यानंतर पहिल्यांदा अभ्यास करताना मजा आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ते दोन डाग टेबलावर पडलेले असताना, मी लिहायला बसले. आधी गुलाबीचं लिहिलं, कारण तिची बाजू कुणी घेत नव्हतं. हे औषध कातडीला धरून राहतं आणि वाळल्यावरही कित्येक तास काम करत राहतं. ज्याला पाणी म्हणतात ते असं चिवट आहे. पण साबणाचा अंश कातडीवर राहिला तर त्याचा जोर कमी होतो, म्हणून आधी साबण पूर्ण धुऊन काढावा. डोळ्यात आणि कानाच्या आत ते कधीही जाऊ देऊ नये, इजा होते. क्वचित एखाद्याला त्याची तीव्र ॲलर्जी असते, अंगावर पित्त उठतं, दम लागतो, म्हणून लावण्याआधी विचारावं. हे लिहिताना मला एक वेल्डर आठवला. त्याच्या कानाच्या पाळीला ठिणगी लागली होती आणि तो स्वतःच बाटली उचलून कानात ओतायला निघाला होता. मी त्याच्या हातावर चापटी मारली होती.

मग तपकिरी. हे जंतूंच्या जास्त जातींवर चालतं, बुरशीवरसुद्धा. पण लावलं की लगेच पुसायचं नाही, दोनेक मिनिटं वाळू द्यायचं, घाईच्या माणसाला ते जमत नाही. रक्त आणि पू असेल तर त्याची ताकद कमी पडते. मोठ्या जखमेवर पुष्कळ दिवस लावलं तर आयोडीन अंगात उतरतं, म्हणून थायरॉइडचा आजार असलेल्यांना, गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि दोन्ही औषधं खोल जखमेत रोज ओतायची नाहीत, नवीन येणाऱ्या मांसालाही ती बाधतात.

प्रेस पडत होता, धप्प, धप्प. उन्हाचे डाग कागदावर सरकत आले होते. मला मधेच लहानपणची सांगवी दिसायला लागली. आमच्या घरामागे मुळा नदी. जलपर्णी वाढली की सगळं पात्र हिरवंगार व्हायचं, फुलं यायची, आणि पाच-सहा वर्षांच्या मला ते शेत वाटायचं. एकदा मी त्या हिरव्यावर पाय टाकला होता. वडिलांनी मागून दंड धरून उचललं नसतं तर मी खालच्या पाण्यात गेले असते. कितीतरी वेळ ते हिरवं माझ्या डोळ्यांपुढे हलत राहिलं. मग मी भानावर आले आणि पुढचं वाक्य लिहिलं.

या औषधाचा रंग कातडीवर राहतो व त्यामुळे जखमेभोवतीची लाली झाकली जाते. रोज लावायचे असल्यास आधीचा रंग पूर्ण धुऊन कातडी पाहावी.

अक्षर छान आलं होतं. पूर्णविराम दिला आणि पेन धरलेल्या बोटांकडे नजर गेली. नखाच्या कडेला तपकिरी रेघ होती. सकाळची.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आम्ही रोज वाकून बघत होतो, आणि दोघांनाही तपकिरी दिसत होतं. करार लाल रंगावर होता आणि तो मीच रोज सकाळी झाकत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मी कागद तसाच ठेवला, ऑफिसात सांगितलं आणि गेटबाहेर पडले. शेअर रिक्षा मिळाली. तळेगाव चौकात नेहमीसारखीच कंटेनरची रांग होती. रिक्षातली माणसं बोलत होती, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. फक्त ती धप्प धप्प पाठीत चालू होती. आता ती माझी स्वतःची होती.

आबा ओटीवर झोपले होते, पट्टीचा पाय उन्हात. मी त्यांना उठवलं, घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि धुवायला लागले. रंग सहज निघत नव्हता, दहा दिवसांचे थर होते. पहिलं पाणी चहासारखं झालं, ते ओतलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या पाण्याला कातडी दिसली. करंगळी काळीनिळी पडली होती, आणि तिथून लाली पायाच्या पाठीवरून घोट्याकडे चढली होती. मला लाज वाटली. भीती नंतर वाटली, आधी लाज. इतकी वर्षं पांढरा कोट घालून मी दुसऱ्यांना दोन मिनिटं वाळू द्या म्हणून दटावत होते, आणि घरच्या माणसाचा पाय मी नुसता रंगवला.

“आबा, लाल झालंय,” मी म्हटलं.

त्यांनी पायाकडे बघितलं. चुलत भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. मग म्हणाले, “शब्द म्हंजे शब्द. माझी टोपी आन.”

पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. करंगळी काढावी लागली. पाय वाचेल की नाही हे तीन दिवस कुणी छातीठोक सांगत नव्हतं, चौथ्या दिवशी सांगितलं की वाचला. घरी पट्टी कोण करत होतं, असं तिथल्या सर्जननी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा खाटेवरून म्हणाले की म्या सांगितलं तसं तिनं केलं. पुढच्या वेळी रंगाआधी कातडी बघा, एवढंच सर्जन मला हळू आवाजात म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. नवरा डबा आणायला गेला होता. मी आबांच्या पायापाशी बसून रडत सांगून टाकलं की बोट माझ्यामुळे गेलं, मला सगळं माहीत होतं तरी मी बघितलं नाही. आबांनी छताच्या पंख्याकडे बघत ऐकून घेतलं.

“पोरी, तुला एक सांगू का,” ते म्हणाले. “त्या पायात मला दोन वर्सं झाली, काय बी कळत न्हाई. भुईवर हाय का हवेत हाय, कळत न्हाई. भ्यालो मी. कुनाला बोललो न्हाई. तू रंग लावायचीस, मला लांबनं बी दिसायचा. मंग वाटायचं, हाय, पाय हाय अजून.”

मी त्यांचा दुसरा पाय हातात धरून बसून राहिले. कंपनीतली माणसं तो रंग सुपरवायझरला दाखवायला मागत होती. आबांनी तो स्वतःसाठी मागितला होता आणि मला ते विचारायचंही सुचलं नव्हतं.

खरेदी खात्याला मी तो कागद पुढच्या आठवड्यात दिला. दोन्ही बाटल्या ठेवायच्या असं लिहिलं, आणि कुणाला कोणती, कशी, कधी नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं. डॉक्टर मॅडमनी खाली सही केली. सुपरवायझरला मी स्वतः जाऊन सांगितलं की आजपासून पांढरी पट्टी दिसली की जड काम नाही, आतला रंग विचारायचा नाही. तो हसला, पण ऐकतो. पट्टी मात्र मी थोडी मोठीच बांधते. तेवढं चालतं.

आबा आता शेतात नवे, मऊ, डॉक्टरांनी सांगितलेले बूट घालतात. घालण्याआधी ते बूट तीनदा उलटे करून झटकतात, आणि गावातल्या इतर म्हाताऱ्यांनाही दरडावतात की झटक आधी. जखम भरायला दोन-अडीच महिने लागले. रोज सकाळी ओटीवर त्यांचा पाय माझ्या मांडीवर असायचा, मिठाच्या पाण्याने धुतलेला, उघडा. नवे बूट, नवी पट्टी, पण धुकं आणि ती निळी भिंत जुनीच. जखम तळव्याच्या कडेला, आता वर रंगही नव्हता, त्यामुळे आबांना बसल्या जागेवरून काही दिसायचं नाही. म्हणून ते रोज एकच विचारायचे, आज कंचा रंग? जे दिसेल ते मी सांगायची. लाल आहे, पण कालच्यापेक्षा कमी. आज गुलाबी. आज कडेला थोडं पिवळं, डॉक्टरांना दाखवू. एकदाही मी घाईने सांगितलं नाही, एकदाही खोटं सांगितलं नाही.

एके दिवशी मी पाय उजेडाकडे वळवून सगळीकडून बघितला. बघायला वेळ लागला, बस यायची वेळ झाली होती.

“आज कंचा रंग?” आबांनी विचारलं.

“तुमचाच, आबा.”

ते पुढे वाकले. हाताने चाचपत पायापर्यंत आले, राहिलेली चार बोटं एक एक करून धरून बघितली, आणि म्हणाले, “व्हय. माझाच हाय.”